वीजदर-निर्णयाची कालमर्यादा
वीज नियामक आयोगाने दरविषयक अर्जावर आदेश देण्यासाठी कायद्याने ठरवलेली मुदत. विद्युत अधिनियम, २००३ मधील कलम ६४ नुसार अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत, लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन, आयोगाने दर-आदेश काढावा किंवा सुनावणी देऊन लेखी कारणांसह अर्ज फेटाळावा. उदा., उमरखेड तालुक्यातील ढाणकी येथील महावितरणच्या ग्राहकांचे दर १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या (पहा : वीज नियमन) आदेशाने ठरतात. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे (पहा) दाद मागता येते. अपील १८० दिवसांत निकाली न निघाल्यास कारणे नोंदवावी लागतात. दर-याचिका दाखल होण्यास महिन्याहून अधिक उशीर झाल्यास आयोगाने स्वतःहून कार्यवाही सुरू करावी, असा निर्देश न्यायाधिकरणाने ११ नोव्हेंबर २०११ रोजी दिला.