दोन यंत्रे आणि एक पुतळा



वजनकाटा खरा की खोटा हे पाहायचे असले, तर त्यावर धान्य ओतून भागत नाही; ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे असे माप पारड्यात ठेवावे लागते. माणसाच्या शरीरातील चित्र काढणाऱ्या यंत्रांनाही हाच न्याय लागू आहे. यंत्र सांगते, गाठीचे तेज निम्म्यावर आले. डॉक्टर समजतात, औषध लागू पडले. परंतु तेज खरोखरच उतरले, की यंत्रच कमी मोजू लागले? रुग्णाचे पुढील उपचार या एका प्रश्नावर अवलंबून असतात. आज ज्या यंत्राची हकीकत सांगावयाची आहे, त्यात पेट स्कॅनर व एमआरआय ही दोन यंत्रे एकाच पोकळीत नांदतात. त्यांचा संसार जुळविताना काटा तपासण्याची मापेच निकामी ठरली.

पेट स्कॅनसाठी रुग्णाला किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेली साखर टोचतात. जेथील पेशी अधिक साखर खातात, तेथे ती साचते. फ्लोरीनमधून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही लय पावतात, आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. भोवतालच्या स्फटिकांच्या कड्यात ते टिपले जातात. एमआरआय प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील पाण्याचा व चरबीचा हायड्रोजन हुडकते. एक यंत्र अवयवाचे काम दाखविते, तर दुसरे त्याची घडण.

अडचण अशी की, स्फटिकातील क्षीण प्रकाश वाढविणाऱ्या निर्वात नळ्यांत इलेक्ट्रॉनांचा प्रवाह असतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारे ६० हजार पट प्रबळ अशा क्षेत्रात तो प्रवाह वाट सोडून भलतीकडेच वळतो. कॅलिफोर्नियातील सायमन चेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधी युक्ती काढली. स्फटिक चुंबकात ठेवावयाचे, नळ्या दूर बाहेर, आणि मधला प्रकाश काचतंतूंनी वाहून न्यावयाचा. १९९७ साली त्यांचे काम प्रसिद्ध झाले. ते कडे अगदी लहान, प्रयोगापुरतेच होते. पुढे नळ्यांच्या जागी चुंबकाला न जुमानणारे अर्धवाहक प्रकाशशोधक आले, आणि २०१० च्या अखेरीस म्यूनिक येथे संपूर्ण शरीराचे दोन्ही प्रकारचे चित्र एकाच वेळी घेणारे यंत्र उभे राहिले.

आता त्याची परीक्षा. अमेरिकेतील विद्युत-साहित्य उत्पादकांच्या ‘नेमा’ या संघटनेने पेट यंत्रासाठी मानके ठरवून दिली होती. त्यांत माणसाच्या धडाएवढा प्लास्टिकचा एक पोकळ पुतळा असतो. तंत्रज्ञ त्याला फँटम म्हणतात. त्यात पाणी भरतात आणि आत १० पासून ३७ मिलिमीटरपर्यंत व्यासाचे सहा गोल बसवितात. २००७ च्या मानकाप्रमाणे लहान चार गोलांत किरणोत्सर्गी द्रव आजूबाजूच्या पाण्याहून चौपट वा आठपट तीव्र असावयाचा, मोठे दोन गोल साध्या पाण्याचे. आम्हा शिक्षकांच्या परिचयाचाच हा प्रकार आहे: उत्तर परीक्षकाच्या खिशात, आणि उमेदवाराने ते शोधावयाचे. म्यूनिकच्या यंत्राचे निकाल २०११ साली प्रसिद्ध झाले. मध्याजवळ ४.३ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दिसत होता. दर १० लाख विघटनांमागे सुमारे १५ हजार नोंदी होत होत्या. दोन्ही यंत्रे एकमेकांच्या कामात लक्षणीय व्यत्यय आणीत नव्हती.

हे सारे ठीक. परंतु पुतळा होता एका यंत्रासाठी घडविलेला. गॅमा किरण शरीरातून येताना काही अंशी शोषले जातात, आणि त्याचा हिशेब एमआरआयच्या चित्रावरून करावा लागतो. पुतळ्याचे प्लास्टिक तर एमआरआयला दिसतच नाही! त्याचा नकाशा सीटी स्कॅनवरून काढून यंत्राला निराळा पुरवावा लागला. पाण्यानेही दगा दिला. ३ टेस्लाच्या यंत्रातील रेडिओलहरींची लांबी पाण्यात सुमारे २६ सेंटिमीटर, म्हणजे पुतळ्याच्याच मापाची होते. त्यामुळे एकसारख्या पाण्याचे चित्र काळ्यापांढऱ्या डागांनी भरते. तेल घातले तर चित्र स्वच्छ येते, पण ती किरणोत्सर्गी साखर तेलात विरघळत नाही. पाणी एका यंत्राला चालेना, तेल दुसऱ्याला. जर्मनीतील संशोधकांनी निरनिराळे द्रव पारखून २०१३ साली ट्रायएथिलीन ग्लायकॉलची शिफारस केली. नैसर्गिक वायूतील ओलावा काढण्यासाठी कारखान्यांत वापरतात, तोच हा द्रव. साखर त्यात विरघळली, आणि चित्रही डागाळले नाही.

पुतळ्याला हाडे नसतात, माणसाला असतात. आणि खरी चूक तेथेच दडली होती. घट्ट हाड एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात हवेसारखेच काळे दिसते. म्हणून आरंभीच्या पद्धतींत शरीराची हवा, फुप्फुस, चरबी व मऊ ऊती अशी चारच वर्गांत वाटणी करून हाड मऊ ऊतींत ढकलले गेले. परिणामी कवटीलगतच्या मेंदूचे तेज प्रत्यक्षाहून कमी मोजले जाई. स्मृतिभ्रंशाचे निदान करताना डॉक्टर नेमके हेच कमी झालेले तेज शोधीत असतात. २०१७ साली अनेक केंद्रांनी मिळून ३५९ व्यक्तींच्या चित्रांवर ११ सुधारित पद्धती ताडून पाहिल्या. या वेळी पुतळा नव्हता. त्याच व्यक्तींचे सीटी स्कॅन हे माप धरले होते. उत्तम ठरलेल्या पद्धतींची सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आत आली.