सुधाकर बुडाला, भगीरथ तरला

मांजरी बुद्रुकमध्ये ऊस आणि मद्यार्क हे दोन्ही विषय घरचेच. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे आहे. उसाच्या जातींबरोबर तिथे मद्यार्क तंत्रज्ञानही शिकवलं जातं. माझी नोकरी साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत झाली. काळी, दाट मळी पाण्याने पातळ करायची, त्यात यीस्ट सोडायचं, टाकीत फेस चढू लागला की तापमान सांभाळायचं. दीडेक दिवसात गोडवा सरतो आणि मद्यार्क तयार होतो. हा बदल नेमका कोणत्या घटकेला झाला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातला सुधाकर असाच बदलत जातो.

‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला केला. तो पाहायला गडकरी नव्हते. २३ जानेवारीलाच सावनेरला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ते गेले होते. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि भरजरी वस्त्रांसाठी नावाजलेले बालगंधर्व सुधाकरच्या बायकोच्या, सिंधूच्या, भूमिकेसाठी ठिगळाचं लुगडं नेसून उभे राहिले.

दारूचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होताच. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं आणि विकणं सरकारी बंधनाखाली आलं होतं आणि तिजोरीत त्याचा पैसा पडत होता. १९०८मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले, पिणाऱ्यांना हात जोडून परत पाठवू लागले. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘मूकनायक’ या नाटकात हा विषय आधीच रंगभूमीवर आणला होता.

गडकऱ्यांनी दारूच्याही आधीचं दुखणं शोधलं. पडदा उघडतो तेव्हा सुधाकर दारुडा नाही. तो हुशार वकील आहे, गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला आहे, बायकोवर त्याचा जीव आहे. उणं एकच: मानी स्वभाव. अपमान त्याला सोसत नाही. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काढून घेतली जाते आणि मन पोळलेल्या अवस्थेत तो घरी बसतो. त्याच वेळी त्याचा कारकून तळीराम दुःख विसरण्याचा उपाय म्हणून पेला पुढे करतो. म्हणजे आधी स्वाभिमान दुखावला, मग दारू आली. आजही कामावरून काढलेल्या, चारचौघांत पाणउतारा झालेल्या माणसाला पहिला पेला ‘मित्र’च देतो.

पुढची उतरण सगळ्यांना ठाऊक आहे: तळीरामाचं आर्यमदिरामंडळ, घरादाराची धूळधाण, जात्यावर दळण दळणारी सिंधू, दारूच्या भरात तान्ह्या मुलावर उठलेला हात, नवऱ्याला वाचवण्यासाठी मरतानाही फौजदाराशी खोटं बोलणारी सिंधू आणि शेवटी दारूत विष कालवून घेणारा सुधाकर. पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो मधला प्रसंग. सुधाकर दारू सोडतो, मनापासून सोडतो. मिळेल ते काम करायच्या तयारीने तो जुन्या ओळखीच्या माणसांकडे जातो. तिथे त्याच्या वाट्याला हेटाळणी येते. जो मान गेला म्हणून पहिला पेला हाती आला, तोच मान पुन्हा पायदळी जातो आणि सुधाकर पुन्हा दारूकडे वळतो. एकदा ठरवलं की दारू सुटते, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रवेश सावकाश वाचावा.

याच नाटकात भगीरथ आहे. प्रेमभंगाने दारूला लागलेला तरुण. सुधाकरचा मित्र रामलाल त्याला भेटतो, त्याचं दुःख ऐकून घेतो आणि लोकसेवेचं काम हाती देतो. भगीरथ दारू सोडतो आणि सोडलेलीच राहते. पुढे सुधाकरच्या विधवा बहिणीचा, शरदचा, हात तो धरतो. खुद्द रामलालही निर्दोष नाही. शरदबद्दल त्याच्या मनात मोह जागतो, भगीरथाचा मत्सर वाटतो. पण तो वेळीच सावरतो. एकाच नाटकात तीन माणसं घसरतात आणि दोघं उठतात. भगीरथाकडे सुधाकरपेक्षा जास्त मनोबळ होतं, असं गडकरी कुठेही म्हणत नाहीत. त्याला एक कान मिळाला, एक काम मिळालं आणि ते देणाऱ्याने त्याची लाज काढली नाही.

१९८६मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणसाला तिथे आजारी माणूस म्हणून वागवतात, व्यसनातून बाहेर आलेले लोक इतरांना हात देतात. भगीरथाची वाट पुण्यात अशी प्रत्यक्ष उघडी झाली.

अख्खा पाच अंकी प्रयोग आज सहसा कुणी करत नाही. कात्री लावावीच लागते. ती बहुधा भगीरथ-रामलालच्या प्रवेशांवर चालते आणि सिंधूचं रडणं तेवढं उरतं. आमच्या मांजरीच्या पोरांनी जत्रेत किंवा गणेशोत्सवात हे नाटक बसवलं, तर माझी कळकळीची विनंती आहे: पदं कमी करा, विनोद कमी करा, पण सुधाकर नोकरी मागायला जातो तो प्रवेश आणि भगीरथाचे प्रवेश ठेवा. समोर बसलेल्यांत दारू नुकतीच सोडलेला कुणीतरी असेल, आणि उद्या त्याला कामावर घ्यायचं की नाही हे ठरवणाराही तिथेच बसलेला असेल.