आयत्या वेळचे बोल

दशावतारातील नटाच्या हाती लिहिलेली संहिता नसते, हे कोकणाशी नाते असलेल्या वाचकांना ठाऊक आहेच. कथा ठरलेली असते. संवाद मात्र समोरच्याच्या तोंडून काय निघते ते ऐकून जुळवायचे. हे कौशल्य रंगमंचापुरतेच, असा आमचा बरीच वर्षे समज होता. डॉक्टरांच्या शिक्षणात ते कसे शिरले, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्ही शिकागोतील एका गरीब वस्तीत जाऊन पोहोचलो.

त्या वस्तीत जेन अॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली हल हाऊस हे सेवाकेंद्र उघडले. भोवताली परदेशांतून पोट भरण्यासाठी आलेली कष्टकरी कुटुंबे होती. तेथे नेव्हा बॉइड या विदुषी खेळांच्या द्वारे समाजकार्याचे शिक्षण देत. त्यांची विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) ही रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली. महामंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेत १९३९च्या सुमारास तिच्याकडे नाट्यविभागाची देखरेख आली. नाना भाषा बोलणारी, बुजरी माणसे समोर; त्यांना 'अभिनय करा' म्हटले की ती ताठरत. तेव्हा तिने त्यांना खेळच दिले. एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने आरशासारखी ती परत दाखवायची. निरर्थक शब्दांत बोलून आपले म्हणणे समोरच्याला पटवायचे. या खेळांत स्वतःकडे पाहायला सवडच उरत नाही, कारण सारे लक्ष जोडीदारावर द्यावे लागते. १९६३ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने तिचे पुस्तक छापले. तिचे चिरंजीव पॉल सिल्स १९५९ साली सेकंड सिटी या विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांत होते. तो इतिहास बहुश्रुत आहे, येथे नको.

त्याच १९६३ साली कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज या मज्जारोगतज्ज्ञांनी एका निरोगी स्त्रीला पाय लुळे पडलेल्या रुग्णाचे सोंग शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले. सहकाऱ्यांना हा पोरखेळ वाटला. पुढे अशाच नकली रुग्णांवर अमेरिकेतील डॉक्टरांच्या परवाना परीक्षेचा एक भाग २००४ पासून बेतला गेला. २०२१ साली तो कायमचा बंद झाला. आम्हांला त्याचे दुःख नाही. परीक्षेपुरती सहानुभूती पाठ करता येते.

म्हणूनच केटी वॉटसन यांचा प्रयोग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. नॉर्थवेस्टर्नच्याच वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थ्यांना असे उत्स्फूर्त खेळ शिकवले आणि २०११ साली त्यावर लेख लिहिला. तेथे कोणाला नट करायचे नसते. रुग्ण जे बोलेल ते आधी स्वीकारायचे आणि त्यालाच धरून पुढचा शब्द बोलायचा, एवढीच शिकवण.

सेमिनरीत आम्हांला प्रवचन रचायला उत्तम शिकवले. ऐकायला शिकवले की नाही, आठवत नाही. तरुण मुलगा गमावलेल्या एका माउलीकडे आम्ही सांत्वनाचे शब्द मनात जुळवूनच गेलो होतो. "फादर, तो भुकेला गेला हो," ती म्हणाली. आम्ही आमचे ठरलेले वाक्य पूर्ण केले. तिने पदर तोंडावर ओढला आणि पुढे एक शब्द बोलली नाही.

महिन्याने पुन्हा गेलो, तेव्हा बरोबर काहीच नेले नव्हते. "त्या दिवशी जेवण काय केलं होतं?" एवढेच विचारले. ती तासभर बोलत होती.