धोबी तलावच्या कुडी

मुंबईत धोबी तलावाला, मेट्रो सिनेमाजवळ, जेर महल नावाची जुनी इमारत आहे. तिच्या मजल्यांवरच्या पाट्यांवर माणसांची नव्हे, गोव्यातल्या गावांची नावे दिसतात. या गोवेकरांच्या कुडी. पत्रव्यवहारात त्यांना ‘क्लब’ म्हणतात, पण क्लबातला थाटमाट तिथे कधीच नव्हता. शहरात पोटापाण्यासाठी आलेल्या ख्रिस्ती पुरुषांनी गावाच्या नावावर भाड्याने घेतलेली ही खोली, आणि त्या खोलीत एक आल्तार, म्हणजे प्रार्थनेची वेदी.

एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या बार्देश आणि सासष्टी तालुक्यांतली पोरे मुंबईची वाट धरू लागली, कारण गावच्या शेतीवर घर भागत नव्हते. इंग्रजांच्या मुंबईला स्वयंपाकी, बटलर, शिंपी आणि बँडवाले हवे होते. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया यांसारख्या आगबोट कंपन्यांना बोटीवर राबणारे हात हवे होते. इथे गोवेकराचा धर्म त्याच्या कामी आला. साहेबाच्या ताटातले गाईचे किंवा डुकराचे मांस रांधायला त्याची हरकत नसे. शिवाय गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेत प्रार्थनेबरोबर सूर आणि व्हायोलिनही शिकवले जाई, त्यामुळे बँडमध्ये त्याला सहज जागा मिळे. 1888च्या सुमारास मुरगावहून घाट चढून जाणारी रेल्वे सुरू झाली आणि आगबोटीच्या जोडीला दुसरी वाट खुली झाली.

काम मिळाले तरी राहायचे कुठे? बोटीवरचा माणूस, म्हणजे गोव्याच्या बोलीतला तारवटी, एक फेरी संपवून उतरला की पुढचे बोलावणे येईपर्यंत कित्येक आठवडे मुंबईत अडकून पडे. कुडीत भिंतीला लागून पेट्यांची रांग असे. ज्याची त्याची पेटी हाच त्याचा संसार. दिवसा तिच्यात कपडे आणि कागदपत्रे, रात्री तीच अंथरुणाची जागा. महिन्याची वर्गणी किरकोळ. आल्तारावर गावच्या चर्चचा पाद्रोन, म्हणजे त्या गावाचा संत. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, रोजरीची माळ ओढायची, चुकवणाऱ्याला दंड. परक्या शहरात पोरगा वाया जाऊ नये ही आईबापांची काळजी या नियमात अगदी व्यवहारी रूपात उतरली होती. गावात पाद्री करत असे ती राखण इथे गाववाल्यांनीच एकमेकांची केली.

गावचे फेस्त, म्हणजे संताचा सण, आला की मुंबईत सोनापूरच्या किंवा दाबूलच्या चर्चमध्ये मीस, म्हणजे मिस्सा, मग कुडीत व्हायोलिनच्या साथीने लॅटिन लदीन, म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थना. तेव्हा मुंबईतल्या कॅथलिकांवर पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा आणि रोमच्या प्रोपागांदाचा असे दोन अधिकार एकाच वेळी चालत. ही दुहेरी सत्ता 1928मध्ये संपली. पोर्तुगीज गोव्यातून आलेल्या या मंडळींचा ओढा अर्थातच पाद्रोआदोकडे.

पण कूड म्हणजे निव्वळ बंधुभाव, असे समजायचे कारण नाही. गाव जसे होते तसेच ते मुंबईत आले: काही गावांच्या कुडी वाड्यावाड्यांप्रमाणे आणि जातीप्रमाणे वेगळ्या होत्या. बामण, चार्दो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्याने पुसले गेले नव्हते आणि शहरानेही पुसले नाहीत. साहेबांची मुले सांभाळायला गोव्याच्या आयाही मोठ्या संख्येने आल्या, मात्र बहुतेक कुडी पुरुषांच्याच. हा एकांगीपणा कौतुकाच्या लेखनात सहसा गाळला जातो.

शहराकडून गोवेकराला पगाराखेरीज आणखीही काही मिळाले. लुकाझीन रिबेरो या गोवेकराने मुंबईत इटालियन ऑपेरा पाहिला आणि तसे काही कोंकणीत करायचे मनावर घेतले. 17 एप्रिल 1892 रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’चा प्रयोग झाला. त्या दिवशी ईस्टर होता. चाळीस दिवसांचा उपास संपवून मंडळी मजा करायला मोकळी झाली होती. पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक, म्हणून त्याची नोंद आहे. गोव्याची आज हमखास गर्दी खेचणारी ही नाट्यकला अशी मुंबईत जन्मली, आणि तिचा पहिला प्रेक्षक होता हाच नोकरदार, बोटीवरचा, कुडीतला गोवेकर.

पैसा मात्र उलट्या दिशेने, मुंबईहून गावाकडे गेला. गावात कौलारू घरे उभी राहिली, आणि बोटीवरून परतलेला माणूस फेस्ताचा ‘प्रेझिदेंत’ होऊन सारा खर्च उचलू लागला. जुन्या भाटकारांना, म्हणजे जमीनदारांना, हा नवा मान खुपला असल्यास नवल नाही.

पुढे प्रवासी आगबोटींचे दिवस संपले आणि आखाताच्या तेलाने गोवेकराची दिशा बदलली. विमान पकडायला पेटी टाकून आठवडेच्या आठवडे थांबावे लागत नाही. कुडी ओस पडू लागल्या. तरी सगळ्या बंद झालेल्या नाहीत. बोटीवरच्या नोकरीचे कागद करायला किंवा व्हिसासाठी आलेला गोवेकर आजही हॉटेलचे भाडे वाचवून आपल्या गावच्या कुडीत उतरतो.