चोर, पोलीस आणि मधली माणसं

'मनी हाइस्ट' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. त्यात दरोडेखोरांना शहरांची नावं आहेत: टोकियो, बर्लिन, नैरोबी. ओलीस धरलेली एक बाई पुढे त्यांनाच सामील होते, आणि तिचं नाव पडतं स्टॉकहोम. हे नाव उगाच दिलेलं नाही. त्यामागे एक खरा दरोडा आहे, आणि तो मला मालिकेपेक्षा जास्त विचार करायला लावतो.

२३ ऑगस्ट १९७३. स्टॉकहोमच्या नॉरमाल्मस्टोर्ग चौकातल्या क्रेडिटबँकेत यान-एरिक ओल्सन नावाचा माणूस मशीनगन घेऊन शिरला. तुरुंगातून रजेवर सुटला होता, तो परत गेलाच नव्हता. छतावर गोळ्या झाडल्या, बँकेतले चार कर्मचारी ओलीस धरले: तीन स्त्रिया, एक पुरुष. मागण्या? तीस लाख क्रोनर, वेगवान गाडी आणि तुरुंगातला क्लार्क ओलोफसन. सरकारने ओलोफसनला आणून दिलं, पैसेही दिले, गाडीही उभी केली. फक्त ओलिसांना घेऊन जायला मनाई केली. तिथेच घोडं अडलं.

वेळ मोठी नाजूक होती. स्वीडनचे वृद्ध राजे मृत्युशय्येवर होते, सप्टेंबरात निवडणूक होती, आणि सगळा देश टीव्हीसमोर बसून होता.

आता पोलिसांचं पाहा. सुरुवातीला त्यांनी ओल्सनला भलताच गुन्हेगार समजलं, आणि त्या भलत्याच माणसाच्या धाकट्या भावाला समजूत घालायला आत पाठवलं! त्याचं स्वागत गोळ्यांनी झालं. पुढे ओलीस आणि चोर तिजोरीच्या खोलीत असताना पोलिसांनी तिचं दारच बंद करून टाकलं. मग वरून भोकं पाडून आत विषारी नव्हे तरी गुदमरवणारा धूर सोडायचा बेत आखला. त्यावर ओल्सनने ओलिसांच्या गळ्यात फास अडकवले, म्हणजे धुराने कोणी कोसळला तर गळफासच बसेल.

अशा वेळी आतल्या माणसाला जास्त भीती कोणाची वाटेल?

क्रिस्टिन एनमार्क ही तेवीस वर्षांची ओलीस तरुणी. तिने थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोन केला. आम्हाला या दोघांबरोबर जाऊ द्या, यांच्यावर माझा विश्वास आहे, भीती वाटते ती पोलीस हल्ला करतील याची, असं तिचं म्हणणं. पाल्मे बधले नाहीत. कामाच्या जागी मरण येणं बरं नाही का, अशा अर्थाचं ते बोलल्याचं तिने नंतर सांगितलं.

२८ ऑगस्टला रात्री अश्रुधूर सोडला आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. १३१ तास झाले होते. चारही ओलीस जिवंत सुटले. पण आधी चोरांना बाहेर जाऊ द्या, नाहीतर तुम्ही त्यांना गोळ्या घालाल, असा हट्ट ओलिसांनीच धरला, निरोप घेताना त्यांना मिठीही मारली.

लोक चक्रावले. पोलिसांना सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ नील्स बेयेरोत यांनी या वागण्याला आजाराचं नाव दिलं. तेच पुढे 'स्टॉकहोम सिंड्रोम' म्हणून जगभर गेलं. एनमार्कशी मात्र ते कधी बोललेच नव्हते. मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकन यादीत हे नाव आजवर आलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. ती मुलगी वेडी झाली नव्हती, हिशेब करत होती. बंदूक ज्याच्या हातात आहे त्याच्याशी माणुसकीने वागलं तर तोही माणूस राहण्याची शक्यता असते. बाहेरचे मात्र छताला भोकं पाडत होते. वाटाघाटी म्हणजे चोराला गुंगवणं नव्हे, आतल्यांचं ऐकणंही त्यात येतं. त्याच सुमारास, म्यूनिकच्या १९७२ च्या हत्याकांडानंतर, न्यूयॉर्क पोलिसांनी वाटाघाटींचं खास पथक उभारलं. घाई नको, बोलत राहा, हे त्याचं सूत्र. स्टॉकहोममध्ये त्याचीच उणीव होती.

एनमार्क पुढे मानसोपचारक झाल्या आणि २०१५ मध्ये त्यांनी आपली बाजू पुस्तकात मांडली. म्हणजे ज्यांच्यावरून आजाराचं नाव पडलं त्यांचं म्हणणं सविस्तर वाचायला मिळायला बेचाळीस वर्षं लागली.

शाळेत इतिहास शिकवताना मी सांगत असे, नाव कोणी ठेवलं ते आधी विचारा. बंड की स्वातंत्र्यसमर, हे ठेवणाऱ्यावर अवलंबून. सिंड्रोमचंही तसंच आहे. पुढच्या वेळी हा शब्द कानावर पडला, तर त्या तिजोरीच्या खोलीतून फोन करणारी मुलगी आठवून पाहा.