नगरच्या किल्ल्यातील लेखणी

अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) भुईकोट किल्ला म्हटला की चांदबीबीचे नाव निघते आणि पाठोपाठ पंडित नेहरूंचे. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या किल्ल्यात लिहिले गेले, हे आमच्या विद्यार्थ्यांनाही पाठ असते. पण त्याच भिंतींच्या आत उर्दू गद्यातला एक अव्वल ग्रंथही तयार झाला, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. तो ग्रंथ म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद यांचा 'गुबारे-खातिर'. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. म्हणून ही हकीकत मराठीत सांगणे हे आम्ही आमचे काम समजतो.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांची धरपकड झाली आणि त्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी नवाब सद्र यार जंग मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्याला पत्रे लिहायला सुरुवात केली. ती टपालात पडणार नव्हती, हे त्यांना माहीत होते. तरीही त्यांनी लिहिले. वाचणारा एक माणूस डोळ्यांपुढे असला की लेखणीला दिशा मिळते, मग तो माणूस शेकडो कोस दूर का असेना.

त्यांची सवय पाहण्यासारखी होती. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठायचे, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करायचा आणि जग झोपलेले असताना लिहायला बसायचे. विषयांचा दुष्काळ कधी पडला नाही. चहावर लिहिले, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवर लिहिले, ईश्वराच्या अस्तित्वावर आणि संगीतावरही लिहिले. शेजारच्या खोल्यांतही लेखण्या चालू होत्या. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत सुमारे हजार हस्तलिखित पाने लिहून काढली. पट्टाभी सीतारामय्या आपली टिपणे लिहीत होते.

बंदिवासात वेळ भरपूर असतो, त्यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण मन ठिकाणावर ठेवणे तिथेच अवघड असते. १९४३ च्या आरंभी मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ झाल्या. सरकारकडे अर्ज करायला त्यांचे मन तयार झाले नाही. रोज काळजीच्या बातम्या येत असताना त्यांनी दिनक्रमात फरक पडू दिला नाही. ९ एप्रिलला बेगम गेल्या. ११ एप्रिलच्या पत्रात ते दुःख उतरले आहे. शिस्तीने दुःख कमी होत नाही, पण दुःखाला बसायला जागा मिळते, एवढे ते पत्र वाचून आम्हाला कळले.

ही शिस्त नगरमध्ये एकाएकी उगवलेली नव्हती. १३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्यात मौलानांनी 'अल-हिलाल' हे साप्ताहिक काढले, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. छापखाना स्वतःचा होता. उर्दूत कातिबाच्या हातची शिळाछापाई रूढ असताना त्यांनी खिळ्यांची छपाई आणि चित्रे वापरली. वाचकाच्या हाती जाणारी वस्तू नीटनेटकी असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मौलानांनी पुढे सांगितल्याप्रमाणे दोन वर्षांत खप आठवड्याला २६,००० प्रतींवर गेला. सरकारने आधी २,००० आणि मग १०,००० रुपयांचा जामीन मागून तो जप्त केला आणि अखेर पत्र बंद पडले. काही महिन्यांनी 'अल-बलाग' निघाले. तेही थांबले आणि १९१६ मध्ये मौलाना रांचीला स्थानबद्ध झाले.

त्याहून मोठा घाव हस्तलिखितांवर बसला. 'तर्जुमानुल कुरआन'चे कागद पोलिसांनी झडत्यांत नेले. परत आले तेव्हा पाने फाटलेली आणि विस्कटलेली होती. काही वर्षे त्यांनी ते काम हाती घेतले नाही, पण १९२७ मध्ये पुन्हा बसले. पहिला खंड १९३१ मध्ये आणि दुसरा १९३६ मध्ये निघाला. पुढचा खंड मात्र कधीच आला नाही. अर्धे राहिलेले कामही छापून वाचकाच्या हाती गेले, म्हणून ते टिकले.

आता आपल्याकडे पाहू. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. छापखाना नसलेल्या त्या काळात कोणीतरी हाताने नकला केल्या, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. आज आपल्या समाजात कविता, आठवणी, मोहल्ल्याचा इतिहास लिहिणारी माणसे आहेत. पण वह्या पेटीत राहतात आणि माणूस गेला की रद्दीत जातात. आपला माणूस लिहीत नाही असा ठपका येतो, तो या न छापलेल्या वह्यांमुळेही.

यावर इलाज आपल्या हातात आहे. फजरच्या नमाजनंतर किंवा शाळेआधी अर्धा तास, रोज एक पान. दोनशे दिवसांत दोनशे पाने होतात. मग ती एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावीत. स्वतःचे शुद्धलेखन स्वतःला दिसत नाही. प्रकाशक मिळाला नाही तर पदरमोड करून छापावे, पण कर्ज काढून नव्हे. आधी थोड्या प्रती काढाव्यात, त्या विकल्यावर पुढच्या. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत ठरलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. ही कटकट समजू नये. आपली वही पेटीतून निघून देशाच्या दप्तरात जाते, ती याच वाटेने. गावच्या वाचनालयाला आणि शाळेलाही एकेक प्रत द्यावी. भेट म्हणून वाटलेल्या प्रती बहुधा न वाचता राहतात, म्हणून किंमत कमी ठेवावी, पण घ्यावी.

यश म्हणजे २६,००० प्रतीच असे नाही. पन्नास वर्षांनी नगर जिल्ह्यातला एखादा मुलगा आपल्या वस्तीविषयी शोधायला निघाला आणि त्याला वाचनालयात आपले पुस्तक सापडले, तर त्याहून मोठे यश आम्हाला माहीत नाही.