गाडीतील गाण्यामागची शीळ

शाळेची सहल जीपने निघाली आहे. चालकाशेजारी बसलेल्या मुलाने आपला स्मार्टफोन वायरने गाडीच्या स्टिरिओला जोडून गाणे लावले आहे. थोड्या वेळाने फोनची बॅटरी उतरते, म्हणून तो चार्जरही जोडतो. आणि त्याच क्षणी गाण्यामागे एक बारीक शीळ ऐकू येऊ लागते. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शीळ चढते, सोडला की उतरते. कोणी म्हणते स्पीकर फाटला, कोणी म्हणते फोन बिघडला. पण चार्जर काढताच शीळ थांबते. म्हणजे दोन्ही वस्तू धडधाकट आहेत. मग ही शीळ आली कोठून?

या प्रश्नाचा इतिहास स्मार्टफोनपेक्षा बराच जुना आहे. गाडीत गाणे शिरले तेव्हापासून गाण्याला आणि विजेला एकाच घरात राहावे लागले आहे, आणि त्यांचे भांडण सोडवण्यात तंत्रज्ञांच्या अनेक पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

अमेरिकेतील शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीत बसवण्याचा रेडिओ बाजारात आणला. रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन अटलांटिक सिटी येथे भरले होते. तेथे गॅल्विन यांनी बाहेर गाडी उभी करून तिच्यातला रेडिओ लोकांना ऐकवला. ‘मोटोरोला’ हे नाव त्याच रेडिओचे. गाडीत रेडिओ बसवताना खरी अडचण होती ती गाडीची. पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगमध्ये प्रत्येक वेळी ठिणगी पडते. हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच! तेव्हा पेट्रोल गाडी म्हणजे एक फिरते प्रक्षेपण केंद्रच होय, आणि त्याच्या शेजारी बसून दूरचे गाणे ऐकायचे होते. उपाय म्हणून ठिणगीच्या वायरींना रोध जोडले, डायनामोला धारित्रे जोडली आणि रेडिओभोवती धातूचे आवरण घातले.

दुसरी अडचण विद्युतदाबाची. त्या काळच्या रेडिओतील निर्वात नलिकांना शंभर-दोनशे व्होल्ट लागत, आणि गाडीची बॅटरी असे सहा व्होल्टची. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या गाडीत वागवाव्या लागत. दाब वाढवायला ट्रान्सफॉर्मर होता. पण ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाह लागतो, बॅटरीच्या स्थिर प्रवाहावर तो चालत नाही. म्हणून ‘व्हायब्रेटर’ आला. शाळेच्या प्रयोगशाळेतील विद्युतघंटा आठवा. तिच्यातल्यासारखीच एक लवचिक पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा प्रवाह जोडत-तोडत असे. काम झाले, पण गाण्याला वीज पुरवणारे साधनच आता गाण्यामागे गुणगुणू लागले, आणि ती गुणगुण गाळण्यासाठी पुन्हा धारित्रे व वेटोळी आली.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालचा. १९५५ मध्ये फिल्को कंपनीने क्रायस्लरच्या गाड्यांसाठी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ बनवला. याच सुमारास अमेरिकेतील गाड्या सहाऐवजी बारा व्होल्टची बॅटरी वापरू लागल्या होत्या. ट्रान्झिस्टरला तेवढा दाब पुरतो. व्हायब्रेटर निवृत्त झाला. गाणे निर्वेध झाले असे वाटले, तोच विजेच्या बाजूने नवा पाहुणा आला. १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंट गाडीत डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवलेला होता.

अल्टरनेटर तीन कलांचा प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो आणि सिलिकॉन डायोड त्याला एकदिश करतात. मात्र हा प्रवाह सपाट नसतो; त्यात लाटा राहतात. तीन कलांमुळे प्रत्येक आवर्तनात सहा लाटा. चुंबकाच्या ध्रुवांच्या सहा जोड्या असतील, तर अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात छत्तीस. आता हिशेब करू. समजा, इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत आहे आणि पट्ट्यामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच पट, म्हणजे मिनिटाला २,००० फेरे फिरतो. सेकंदाला झाले सुमारे ३३ फेरे, आणि लाटा सुमारे १,२००. ही वारंवारता कानाला सहज ऐकू येते. इंजिनाचा वेग दुप्पट केला की लाटा २,४०० होतात, म्हणजे शीळ बरोबर एक सप्तक वर जाते! जीपमधली शीळ अ‍ॅक्सिलरेटरबरोबर का चढते, याचे उत्तर येथे मिळाले.

पण बॅटरी या लाटा बऱ्याच अंशी शोषून घेते, आणि चार्जर नसताना शीळ नव्हतीच. चार्जरने काय बदलले?

त्यासाठी फोनच्या त्या वायरीकडे पाहू. तिच्या टोकाची गोल पिन टेलिफोन एक्स्चेंजच्या फलकावरील पिनेची नात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑपरेटर अशाच पिना खोचून ग्राहकांना जोडून देत. त्या पाव इंच जाडीच्या होत्या. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओंसाठी साडेतीन मिलिमीटरची पिन आली आणि १९७९ च्या वॉकमनने तिची स्टिरिओ आवृत्ती घरोघर नेली. तिच्या टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा आणि दांड्यावर दोघांची सामाईक परतीची वाट असते. ही परतीची वाट स्टिरिओमार्गे गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला मिळते. तांब्याची बचत व्हावी म्हणून गाडीत सगळ्याच उपकरणांचा प्रवाह पत्र्यातून परत येतो.

फोन स्वतःच्या बॅटरीवर असतो तेव्हा तो पत्र्याला एकाच ठिकाणी जोडलेला असतो. चार्जर लावला की तो दुसऱ्याही ठिकाणी जोडला जातो. या दोन ठिकाणांचा विभव सारखा असता तर काही बिघडले नसते. पण पत्र्यालाही थोडा रोध असतो. समजा, दोन ठिकाणांमध्ये एक सहस्रांश ओहम रोध आहे आणि त्यातून ४० अँपिअर प्रवाह जातो आहे. तर ओहमच्या नियमाने विभवांतर झाले ४० मिलिव्होल्ट. त्याचा विसावा भाग जरी लाटांबरोबर हलला, तरी ते दोन मिलिव्होल्ट होतात. गाण्यातील हळुवार जागांचा संकेतही काही मिलिव्होल्टचाच असतो. हे हलते विभवांतर फोनच्या वायरीच्या परतीच्या वाटेत प्रवाह सोडते, आणि स्टिरिओ त्यालाही गाणे समजून मोठे करतो. चार्जरही यात भर घालतो. बारा व्होल्टचे पाच करण्यासाठी तो सेकंदाला लाखो वेळा प्रवाह जोडतो-तोडतो. जुन्या व्हायब्रेटरचाच हा पुनर्जन्म होय.

उपायही जुनाच आहे. गाण्याच्या वायरीत दोन्ही बाजूंना सारखे वेढे असलेले छोटे ट्रान्सफॉर्मर बसवतात. फॅरडे यांनी १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळून दाखवले होते, तेच तत्त्व. गाणे चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे जाते, पण तारेला तार जोडलेली नसल्याने परतीची दुसरी वाट बंद होते. ब्लूटूथवरून गाणे पाठवले तर गाण्याची वायरच राहत नाही. यूएसबीवरून ते अंकांच्या रूपात गेले, तर दोन-चार मिलिव्होल्टनी शून्याचा एक होत नाही. अनेक फोनांमधून साडेतीन मिलिमीटरचे छिद्र नाहीसे झाले, तशी ही शीळही विरळ होत चालली आहे.

ती नाहीशी होण्यापूर्वी वर्गात तिचा उपयोग करून घ्यावा. उभ्या गाडीत, गिअर न टाकता, चालकाकडून इंजिन चालू करून घ्या आणि शीळ ऐका. मग गाडीच्या चार्जरऐवजी पॉवर बँकेने फोन चार्ज करा. पॉवर बँक गाडीच्या पत्र्याला जोडलेली नसल्यामुळे शीळ थांबेल. दोन्ही वेळा फोन चार्जच होत होता; बदलली ती फक्त परतीची वाट. हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे.

आपण फळ्यावर मंडल काढताना खाली तीन आडव्या रेघा मारतो आणि म्हणतो, ‘येथे विभव शून्य’. सोयीसाठी ते ठीक आहे. पण विद्यार्थी अशा दोन खुणा पाहतो आणि दोन्ही शून्ये एकच आहेत असे धरून चालतो. ती एक नसतात, हे जीपमधली शीळ सांगत असते. असा धडा पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा कानाला जास्त लवकर पटतो.